डोंगर, पंचांग आणि व्याकरण: वालेन्टिन वोडनिक आणि स्लोव्हेन भाषा कशी उभी राहिली

एखादी भाषा लाखो लोक बोलतायत, घरात, शेतात, बाजारात, अगदी चर्चमधल्या प्रवचनात पण. पण त्या भाषेत पेपर निघत नाही, शाळेचं पुस्तक धड नाही, व्याकरण आहे पण तेही दुसऱ्याच भाषेत लिहिलेलं, कोर्टात गेलात की तिथली भाषा वेगळी, आणि ज्याला चार अक्षरं यायला लागली तो लगेच त्या दुसऱ्या भाषेत बोलायला लागतो. १७९० च्या आसपास स्लोव्हेन भाषेची अवस्था ही अशी होती. आज तीच भाषा एका स्वतंत्र देशाची राजभाषा आहे, २००४ पासून युरोपियन युनियनची पण एक अधिकृत भाषा आहे. मधे काय झालं? हे समजून घ्यायला जाडजूड भाषाशास्त्र वाचायची गरज नाही, एका माणसाचं आयुष्य बघितलं की बरंचसं कळतं. त्याचं नाव वालेन्टिन वोडनिक. पाद्री, शिक्षक, पत्रकार, कवी, व्याकरणकार, कोशकार आणि डोंगरात फिरणारा माणूस. हे सगळे उद्योग वेगवेगळे वाटतात पण माझ्या मते ते एकच काम होतं, आणि तेच इथे नीट उलगडून सांगायचा प्रयत्न करतोय.

आधी जागा समजून घेऊ. तेव्हा स्लोव्हेनिया नावाचा देशच नव्हता. आजचा बहुतेक सगळा भाग व्हिएन्नाहून चालणाऱ्या हॅब्सबर्ग साम्राज्यात होता आणि तोही तुकड्यातुकड्यांत, क्रान्स्का, श्टायर्स्का, कोरोश्का, गोरित्सा असे वेगवेगळे प्रांत. प्रत्येक खोऱ्याची बोली निराळी, आणि डोंगराळ मुलुख असल्यामुळे ती निराळी राहिलेली, कारण पलीकडच्या खोऱ्यात जायचं म्हणजे खिंड ओलांडायची. सरकार, व्यापार, शिक्षण सगळं जर्मनमधे. लुब्लियाना हे क्रान्स्काचं मुख्य गाव, तिथले शहरी लोक जी बोली बोलायचे तिच्यात जर्मन शब्दांची भरपूर भेसळ.

आणि असंही नाही की भाषेत लिहिलेलं काहीच नव्हतं. १५५० मधे प्रिमोझ त्रुबारने पहिली छापील पुस्तकं काढली होती, १५८४ मधे युरी दाल्मातिनचं अख्खं बायबल आलं, त्याच वर्षी आदाम बोहोरिचचं व्याकरण आलं (लॅटिनमधे). पण ही सगळी प्रोटेस्टंट चळवळीची माणसं, आणि नंतर कॅथलिक सत्तेने ती चळवळ मोडून काढली, पुस्तकं जाळली. त्यामुळे सुरुवात दणक्यात झाली आणि मग दीडशे-पावणेदोनशे वर्षं तो जोर राहिलाच नाही.

वोडनिकचा जन्म ३ फेब्रुवारी १७५८ चा, लुब्लियानाला लागून असलेल्या शिश्का गावचा. आज शिश्का शहरातच आलंय, तेव्हा शेतकऱ्यांचं गाव होतं. सतराव्या वर्षी, १७७५ मधे, तो फ्रान्सिस्कन संन्यासी झाला. त्या काळात हुशार पण सामान्य घरातल्या मुलाला शिकायचं असेल तर चर्च हा जवळपास एकमेव रस्ता होता. लुब्लियानात मार्को पोहलिन नावाचा एक दुसऱ्या पंथाचा संन्यासी होता, त्याने १७६८ मधे क्रान्स्काच्या भाषेचं व्याकरण लिहिलं होतं, पुन्हा जर्मनमधेच, पण प्रस्तावनेत त्याचा सूर स्पष्ट होता की बाबांनो आपल्या भाषेची लाज वाटून घेऊ नका. पोहलिनच्या भाषिक निर्णयांवर पुढे खूप टीका झाली आणि बरीचशी योग्यच होती, पण ठिणगी त्याची. वोडनिकला कविता करायला त्यानेच लावलं. १७८१ मधे एका वार्षिकात वोडनिकची पहिली कविता छापून आली, क्रान्स्काच्या समाधानी शेतकऱ्यावरची.

मग सम्राट योसेफ दुसरा याने मठांवर बंधनं आणली, कित्येक मठ बंद केले, आणि १७८४ मधे वोडनिक मठातून बाहेर पडून साधा पाद्री झाला. पुढची काही वर्षं या गावातून त्या गावात बदल्या. आणि १७९३ मधे त्याची नेमणूक झाली कोप्रिव्हनिकला. हे गाव बोहिन खोऱ्याच्या वरच्या अंगाला, साधारण हजार मीटर उंचीवर, आजूबाजूला जंगल, गुरांची कुरणं आणि मागे ज्युलियन आल्प्सची रांग. शहरात राहिलेल्या, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाला ही बदली म्हणजे शिक्षाच वाटावी अशी जागा. त्याच्या बाबतीत मात्र सगळं इथूनच सुरू झालं, कारण खाली बोहिनमधे लोखंडाचे कारखाने होते आणि त्या कारखान्यांचा मालक होता बॅरन झिगा झोइस.

झोइसबद्दल थोडं थांबून सांगायला पाहिजे कारण हा माणूस नसता तर वोडनिक कदाचित चांगला पाद्री म्हणूनच विस्मरणात गेला असता. झोइस क्रान्स्कातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांपैकी एक, खाणी, भट्ट्या, जमिनी. पण त्याचा जीव पुस्तकांत आणि दगडांत. गाउटने (सांध्यांचा आजार) त्याचे पाय इतके गेले होते की तो चाकांच्या खुर्चीत बसून असायचा, आणि त्याच्या लुब्लियानातल्या घरात भाषेवर, निसर्गावर, नाटकावर काम करणाऱ्यांचा अड्डा जमायचा. पहिलं स्लोव्हेन नाटक उभं करणारा आन्तोन लिनहार्ट, बायबलचं नवं भाषांतर करणारा युरी यापेल, आणि थोडा नंतर येर्ने कोपितार, सगळे इथले. खनिजांचा तर झोइसला एवढा नाद की १८०५ मधे एका नव्या खनिजाला झोइसाइट हे नाव त्याच्यावरून दिलं गेलं. दागिन्यांच्या दुकानात टान्झानाइट नावाचा निळा-जांभळा खडा मिळतो ना, तो झोइसाइटचाच एक प्रकार. त्याचा भाऊ कारेल वनस्पती गोळा करायचा, आल्प्समधल्या एका सुंदर निळ्या घंटाफुलाला त्याच्यावरून नाव आहे.

आता डोंगराकडे. ज्युलियन आल्प्सचं सर्वोच्च शिखर त्रिग्लाव, २८६४ मीटर. २६ ऑगस्ट १७७८ ला चार जण त्याच्या माथ्यावर पोचले: लोव्हरेन्त्स विलोमित्सर हा सर्जन आणि त्याच्याबरोबर बोहिनचे तीन स्थानिक, लुका कोरोशेत्स, मातेव्झ कोस आणि श्तेफान रोझिच. या चढाईमागे पाठबळ झोइसचं. आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर मॉं ब्लां, त्याच्यावर पहिला माणूस पोचला १७८६ मधे, म्हणजे त्रिग्लाव त्याच्या आठ वर्षं आधीचा. हे मुद्दाम सांगतोय कारण गिर्यारोहणाचा इतिहास म्हटला की सगळे थेट मॉं ब्लां पासून सुरुवात करतात.

पण त्या काळात डोंगर चढणं हा खेळ नव्हता. लोक वर जायचे ते काहीतरी शोधायला. शिकारी जायचे, धातूचे दगड शोधणारे जायचे, वनस्पती गोळा करणारे जायचे. बाल्तासार हॅके हा मूळचा फ्रान्सकडचा सर्जन, लुब्लियानात शिकवायचा, तो त्रिग्लाववर गेला ते उंची मोजायला आणि खडक बघायला. आणि वोडनिक गेला तेही झोइसच्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला.

प्रश्न काय होता? हा भाग जरा नीट सांगतो. अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपभर भूशास्त्रात मोठं भांडण चाललं होतं. एक गट म्हणायचा पृथ्वीवरचे खडक पाण्यात गाळ साचत साचत बनले, दुसरा म्हणायचा नाही, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने बनले. (आज आपल्याला माहितीये की दोन्ही प्रकारचे खडक असतात, पण तेव्हा हे ठरायचं होतं.) त्रिग्लावचा डोंगर चुनखडीचा. मग ही चुनखडी म्हणजे सुरुवातीपासूनचा एकसंध दगड आहे, का थरावर थर साचून झालेला? आणि त्यात प्राण्यांचे अवशेष, शिंपले वगैरे, सापडतात का? सापडले तर याचा अर्थ हा उंच डोंगर कधीकाळी समुद्राच्या तळाशी होता. झोइसला स्वतःला तर चालता येत नव्हतं. म्हणून १७९५ च्या उन्हाळ्यात त्याने डोंगराची सवय असलेल्या पाद्रींना त्रिग्लावच्या भागात पाठवलं, बघून या, दगड घेऊन या, लिहून आणा. त्यात वोडनिक होता.

उत्तर आज पक्कं माहितीये: हा दगड वीस कोटी वर्षांहून जुना आहे, उथळ उबदार समुद्रात साचलेला, आणि शिंपल्यांचे ठसे त्यात उघड्या डोळ्यांनी दिसतात. पण १७९५ मधे जाडजूड बूट आणि काठी घेऊन तिथवर जाणं, थर कुठून कुठे जातात ते बघणं, हेच संशोधन होतं.

आणि याच डोंगरभटकंतीतून वोडनिकची सगळ्यात चांगली कविता आली. व्हर्शात्स नावाचं शिखर आहे, २१९४ मीटर, सात सरोवरांच्या खोऱ्याच्या वर. त्या शिखरावर बसून केलेली ही कविता. सुरुवातीलाच तो म्हणतो की इथे खाली बस, एक अनोळखी जग तुझ्यापुढे उघडेल, राखाडी टकल्या कड्यांच्या रांगांमधे बघ, उत्तम औषधी झाडपाला फुललाय. पुढच्या कडव्यात थरांवर थर रचलेत, उघड्या शिखरांची दगडी भिंत उभी आहे, आणि तो सनातन कारागीर हुकूम सोडतोय की ए गवंड्या, ये, इथे येऊन शिक. आता हे परत वाचा. थरांवर थर! झोइसने जो प्रश्न देऊन पाठवलं होतं, तो प्रश्नच कवितेत उतरलाय. वनस्पती आहेत, भूशास्त्र आहे, आणि देवही आहे. निसर्ग बघून नुसतं आहा किती सुंदर म्हणणारी कविता नाही ही, ज्याने तिथे उभं राहून दगड हातात घेऊन बघितलाय त्याची कविता आहे. आणि हे सगळं अशा भाषेत, जिच्यात तोपर्यंत डोंगरावर, विज्ञानावर कविता लिहिता येते असं कोणाला वाटतच नव्हतं.

कवी म्हणून वोडनिक फार मोठा होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या बऱ्याच कविता उपदेशाच्या आहेत, काही अगदी सरळसोट पद्यं. स्लोव्हेन कवितेची खरी उंची फ्रान्त्से प्रेशेरेन, जो १८०० मधे जन्मला. पण १८०६ मधे वोडनिकचा छोटासा संग्रह आला तो एका कवीच्या स्लोव्हेनमधल्या अगदी सुरुवातीच्या स्वतंत्र संग्रहांपैकी एक, आणि त्याचं नाव पण किती प्रामाणिक, चव बघण्यापुरती गाणी अशा अर्थाचं.

बरं, आता मुख्य मुद्दा. प्रमाणभाषा तयार करायची म्हणजे नक्की काय करायचं?

वोडनिक आणि झोइसपुढे साधारण तीन रस्ते होते. एक, दोनशे वर्षांपूर्वीच्या बायबलची भाषा उचलायची. ती छापील होती, प्रतिष्ठित होती, पण जुनी झालेली. दोन, लुब्लियानाच्या शहरी लोकांची बोली घ्यायची, ती चालू होती पण वाक्यावाक्यात जर्मन. तीन, शेतकरी, धनगर, खाणकामगार यांची बोली घ्यायची, तिच्यात शब्द अस्सल पण त्या लोकांना कोणी लिहिताना बघितलं नव्हतं. झोइसच्या गटाचं म्हणणं, तिसरा रस्ता धरा आणि पहिल्याचा आधार घ्या. म्हणजे शब्द लोकांकडून घ्यायचे, घडण जुन्या छापील परंपरेवरून तपासायची.

इथे डोंगर कामाला आला. शहरापासून लांब, वर राहणाऱ्या माणसांकडे गवतांची नावं होती, खडकांच्या प्रकारांची, वाऱ्यांची, बर्फाच्या वेगवेगळ्या अवस्थांची, गुरांच्या रंगांची नावं होती. लुब्लियानातल्या शिकलेल्या माणसाला या गोष्टींसाठी एकतर जर्मन शब्द माहिती होता किंवा कुठलाच नाही. झोइस स्वतः प्राण्यांच्या, पक्ष्यांच्या, माशांच्या स्लोव्हेन नावांच्या याद्या करायचा. वोडनिक बोहिनमधे तीन वर्षं लोकांत राहिला आणि शब्द गोळा करत गेला. दगड गोळा करणं आणि शब्द गोळा करणं, दोन्ही एकाच खेपेत. झोइस त्याला पत्रं लिहून सांगायचा की कविता करायची तर लोकगीतांच्या चालीवर कर, पुस्तकी वृत्तांच्या मागे लागू नको. हा सल्ला वोडनिकने मनावर घेतला आणि त्याची भाषा एकदम मोकळी झाली.

पण नुसते शब्द गोळा करून भाषा उभी राहत नाही. लोकांनी ती वाचली पाहिजे. आणि शेतकरी माणूस काय वाचेल? पंचांग! म्हणून १७९५ पासून तीन वर्षं वोडनिकने मोठं पंचांग काढलं, त्यात तारखा, सण, जत्रा-बाजारांचे दिवस, शेतीचे सल्ले, कोडी, छोट्या कविता. नंतर छोटं पंचांग काढलं, त्या प्रकारात संतांची आणि कामांची बारकी चित्रं असायची म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कोणता दिवस आहे ते कळावं. मला वोडनिकच्या सगळ्या कामात हे सगळ्यात हुशारीचं वाटतं. विद्वानांना पटवत बसण्यापेक्षा त्याने भाषा भिंतीवरच्या खिळ्याला टांगून घराघरात पोचवली.

त्यानंतर पेपर. ४ जानेवारी १७९७ ला लुब्लियानात पहिलं स्लोव्हेन वर्तमानपत्र निघालं, संपादक वोडनिक, आणि संपादक म्हणजे बातम्या गोळा करणारा, भाषांतर करणारा, लिहिणारा सगळा तोच. पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. आणि वेळ बघा कशी, त्याच वसंतात नेपोलियनचं सैन्य लुब्लियानात घुसलं, खुद्द नेपोलियन एप्रिलमधे येऊन गेला. म्हणजे भाषेला पहिल्यांदा पेपर मिळाला आणि लगेच युरोपातली सगळ्यात मोठी लढाई दारात. तोफखाना, तह, सेनापती, कैद्यांची अदलाबदल, या सगळ्याला त्या भाषेत रोजच्या रोज शब्द शोधायचे होते, सवडीने विचार करायला वेळ नाही, छापखाना मजकुराची वाट बघत थांबलेला. त्याच पेपरात त्याने स्लोव्हेन भाषेच्या इतिहासावर लेखमाला पण लिहिली, म्हणजे वाचकांना ते जी भाषा वाचतायत ती कुठून आली हे त्याच भाषेत सांगितलं. पेपर १८०० पर्यंत चालला, वर्गणीदार थोडे होते म्हणून बंद पडला, पण चार वर्षं चालला.

१७९९ मधे त्याचं पाककृतींचं पुस्तक आलं, स्लोव्हेनमधलं पहिलं छापील स्वयंपाकाचं पुस्तक. मुख्यतः जर्मन पुस्तकांवरून केलेलं भाषांतर. काहींना वाटेल व्याकरणकाराने सूप आणि भाजलेल्या मांसावर का वेळ घालवावा. कारण मोठ्या घरांच्या स्वयंपाकघरांत सगळी भाषा जर्मन झाली होती, पदार्थाचं नाव जर्मन, भांड्याचं जर्मन, कृतीचं क्रियापद पण जर्मन. उकळणं, परतणं, मुरवणं, गाळणं ही क्रियापदं गेली की भाषेचा पायाच ढासळायला लागतो. आणि आयुष्याच्या शेवटी, १८१८ मधे, त्याने भाषांतर केलेलं सुइणींसाठीचं पुस्तक छापून आलं. म्हणजे गावात बाळंतपण करणाऱ्या बाईला तिच्या भाषेत शरीराचं ज्ञान मिळावं म्हणून एक साठीला आलेला पाद्री बसून शब्द जुळवतोय! प्रमाणभाषा म्हटलं की आपल्याला शुद्धलेखनाचे नियम आठवतात, पण वोडनिकने जे केलं ते बघितलं की कळतं, भाषेला स्वयंपाकघरात, बाळंतिणीच्या खोलीत, गोठ्यात आणि रणांगणावर सगळीकडे वापरून बघणं हे त्यातलं मोठं काम आहे.

लिपीचा पण एक घोळ होता, तो थोडक्यात सांगतो. तेव्हाची स्लोव्हेन लिपी बोहोरिचने बसवलेली, रोमन अक्षरांवरच. त्यात लांब शेपटीचा एस म्हणजे स, पण साधा एस म्हणजे झ (इंग्रजी zoo मधला). झेड लिहिला तर त्याचा उच्चार त्स. श, दुसरा झ (इंग्रजी pleasure मधला) आणि च साठी त्यांना एच जोडायचा. आता लहान अक्षरांत हे जमायचं, पण कॅपिटलमधे लांब एस आणि साधा एस एकच दिसतो! म्हणजे शब्द कॅपिटल एसने सुरू झाला तर तो स आहे का झ हे आधी शब्द माहिती असल्याशिवाय कळणारच नाही. वोडनिक ही लिपी वापरतच राहिला. त्याच्या मृत्यूनंतर १८२०-३० च्या दशकांत नव्या लिप्यांचे प्रस्ताव आले, त्यावरून कडाक्याचा वाद झाला, आणि शेवटी १८४० च्या दशकात क्रोएशियाकडून आलेली, अक्षरांच्या डोक्यावर छोटी खूण करणारी पद्धत रुजली, तीच आज आहे.

आता वोडनिकच्या आयुष्यातला सगळ्यात वादग्रस्त भाग.

१८०९ मधे ऑस्ट्रिया परत नेपोलियनशी लढायला निघाला तेव्हा वोडनिकने ऑस्ट्रियन राखीव सैनिकांसाठी स्फूर्तिगीतं भाषांतर करून दिली. ऑस्ट्रिया हरला. ऑक्टोबरच्या तहात क्रान्स्कासकट मोठा प्रदेश फ्रेंचांना मिळाला, त्याचे इलिरियन प्रांत झाले आणि राजधानी चक्क लुब्लियाना. पहिला गव्हर्नर मार्शल मार्मों. फ्रेंचांनी ठरवलं की प्राथमिक शाळा आणि खालचे वर्ग स्थानिक भाषेत चालवायचे. पण स्थानिक म्हणजे कुठली? त्यांना आधी वाटत होतं की एड्रियाटिकच्या किनाऱ्यापासून इथपर्यंत एकच स्लाव भाषा चालेल. झोइस आणि वोडनिकने समजावलं की नाही, इथल्या मुलांना इथलीच भाषा पाहिजे. आणि एकदा ते ठरलं की पुस्तकं पाहिजेत, ती लिहिणार कोण? वोडनिक शाळांचा मुख्य झाला आणि झपाट्याने लिहायला बसला. १८११ मधे त्याचं पहिल्या शाळांसाठीचं व्याकरण आलं.

हे व्याकरण महत्त्वाचं का? कारण स्लोव्हेन भाषेचं स्लोव्हेनमधे लिहिलेलं हे पहिलं व्याकरण. त्याच्या तीनच वर्षं आधी येर्ने कोपितारचं व्याकरण आलं होतं, शास्त्र म्हणून ते जास्त खोल आणि जास्त काटेकोर, पण जर्मनमधे, म्हणजे विद्वानांसाठी. वोडनिकचं शाळेतल्या पोरांसाठी. नाम, क्रियापद, विभक्ती यांना स्लोव्हेन संज्ञा द्यायच्या, आणि मग त्याच भाषेत त्यांचे नियम सांगायचे.

आणि ही भाषा सांगायला सोपी नाहीये. सहा विभक्त्या, तीन लिंगं, आणि वर द्विवचन. आपल्यातल्या ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलंय त्यांना रामौ, फले आठवत असेल, एकवचन आणि अनेकवचन यांच्या मधे दोघांसाठी वेगळं रूप. मराठीत ते राहिलं नाही, युरोपातल्या बहुतेक भाषांतूनही गेलं, स्लोव्हेनमधे ते आजही रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, आणि संस्कृतशी असलेलं हे नातं खरंच एका जुन्या भाषाकुळाचं नातं आहे. दोघं जण डोंगरावर गेले तर क्रियापद वेगळं, तिघं गेले तर वेगळं. व्याकरण लिहिणाऱ्याला प्रत्येक नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद तीन वचनांत चालवून दाखवावं लागतं, आणि वेगवेगळ्या खोऱ्यांत ती रूपं वेगवेगळी असतात, मग त्यातलं कुठलं घ्यायचं हा निर्णय दर ओळीला.

याच व्याकरणाच्या सुरुवातीला वोडनिकने एक ओड, म्हणजे स्तुतिकविता, छापली, पुन्हा जिवंत झालेल्या इलिरियाबद्दलची. त्यात नेपोलियन म्हणतो इलिरिया ऊठ, आणि ती उसासा टाकून उठते, विचारते मला उजेडात कोण बोलावतंय. दोन वर्षांपूर्वी ज्याच्याविरुद्ध सैनिकांना गाणी दिली, त्याचंच कौतुक. यावरून त्याला संधीसाधू म्हणणारे तेव्हाही होते आणि आत्ताही आहेत. मला ते पटत नाही. त्याला ऑस्ट्रियाच्या सम्राटाशी काही देणंघेणं नव्हतं असं नाही, पण पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाने पंचवीस-तीस वर्षं वाट बघितली होती की कोणीतरी या भाषेला शाळेत जागा देईल. ती ज्याने दिली त्याचं गाणं त्याने गायलं. राजकारण म्हणून भाबडेपणा असेल, बेइमानी मला दिसत नाही.

किंमत मात्र मोजावी लागली. १८१३ मधे ऑस्ट्रियन परत आले. वोडनिकने ऑस्ट्रियाच्या कौतुकाची कविता पण लिहून बघितली, उपयोग झाला नाही. १८१५ मधे त्याला सक्तीने निवृत्त केलं, पेन्शन तुटपुंजी. नंतर थोडंफार इटालियन शिकवण्याचं काम मिळालं. ८ जानेवारी १८१९ ला तो गेला, साठ वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधे झोइस पण गेला.

कागदांत राहिला तो जर्मन-स्लोव्हेन शब्दकोश. कित्येक वर्षं शब्द जमवले, जाहिरात पण दिली होती की येतोय, पण छापायला ना पैसे ना परिस्थिती. बोहिनमधले शब्द, पंचांगातले, पेपरातले, स्वयंपाकघरातले, सगळे त्या हस्तलिखितात. हे वाया गेलं असतं तर फार वाईट झालं असतं, पण तसं झालं नाही. ते कागद हातोहात जपले गेले, आणि १८६० मधे मातेय त्सिगाले याच्या संपादनाखाली जो मोठा जर्मन-स्लोव्हेन कोश निघाला त्यात ते वापरले गेले.

वोडनिकनंतर डोंगर आणि भाषा यांचं नातं तिथे आणखी घट्ट झालं, आणि जास्त तापलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्रिग्लावच्या भागात जर्मन गिर्यारोहण संघटना गिर्यारोहकांच्या मुक्कामासाठी झोपड्या बांधत होत्या, वाटांवर पाट्या जर्मन. त्याला उत्तर म्हणून १८९३ मधे स्लोव्हेन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली, १८९५ पासून त्यांचं मासिक, आणि त्याच वर्षी याकोब आल्याझ या पाद्रीने (हाही पाद्रीच!) त्रिग्लावच्या माथ्यावरची जागा विकत घेऊन तिथे पत्र्याचा छोटा बुरूज उभा केला, तो आजही आहे. वाटेवरची पाटी कुठल्या भाषेत असावी हा तिथे अस्तित्वाचा प्रश्न होता.

यातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम हेन्रिक तुमाचं. हा गोरित्साचा वकील, राजकारणी आणि कसलेला गिर्यारोहक. लष्करी नकाशांवर डोंगरांची नावं बऱ्याच ठिकाणी चुकीची, ऐकीव, मोडतोड केलेली होती. तुमा वर्षानुवर्षं धनगरांना, शिकाऱ्यांना विचारत फिरला की या कड्याला काय म्हणता, या घळीला काय, आणि १९२९ मधे ज्युलियन आल्प्समधल्या नावांचा संग्रह प्रसिद्ध केला. वेळ पण नेमकी होती, कारण १९२० च्या तहाने गोरित्सा आणि त्या डोंगरांचा मोठा भाग इटलीत गेला होता आणि फॅसिस्ट सरकार गावांची, माणसांची, डोंगरांची नावं इटालियन करत सुटलं होतं. वोडनिकने बोहिनमधे जे सुरू केलं, वर जाऊन तिथल्या माणसाकडून शब्द घेणं, तेच काम तुमाने सव्वाशे वर्षांनंतर केलं, आणि त्याच्या वेळी तर ती नावं पुसली जात होती.

कोणी युरोपात त्या बाजूला जाणार असाल तर: लुब्लियानात भाजी बाजाराला लागून वोडनिकचा पुतळा आहे, १८८९ मधला, आलोयझ गांगलने केलेला. शिश्कामधलं त्याचं जन्मघर आता साहित्याच्या कार्यक्रमांचं केंद्र आहे. कोप्रिव्हनिक गाव बोहिनहून पोकल्युका पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच लागतं. त्याच रस्त्याने वर रुद्नो पोल्येपर्यंत गाडी जाते, तिथून साधारण तीन तास चाललात की वेलो पोल्येच्या कुरणाजवळ १८१७ मीटरवर त्याच्या नावाची डोंगरझोपडी आहे, त्रिग्लावला जाणारे बरेच जण तिथे मुक्काम करतात. उन्हाळ्यातच जा, आणि झोपडी उघडी आहे का ते आधी बघून घ्या.